पाळी पुढे ढकलणारी गोळी : देहातील तिचा प्रवास व आपले उत्तरदायित्व

पोळा आटोपला आणि घरोघरी महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्याची तयारी सुरू झाली की जवाहरनगर, शहापूर, ठाणा या परिसरातील औषधांच्या दुकानांत एक मागणी हमखास वाढते. "भाऊ, पाळी लांबवाची गोळी द्या जी," एवढे एकच वाक्य, तेही हलक्या आवाजात. दुकानदार अधिक काही विचारीत नाही. समोरच्या बाईला रोग नाही, मग विचारायचे तरी काय, असे त्यास वाटते. गोळ्या हाती पडतात, "दिवसातून तीन वेळा" एवढी सूचना मिळते आणि व्यवहार संपतो. पुढे नवरात्रात कोराडीचे दर्शन, कार्तिकात पंढरपूर, उन्हाळ्यात लग्नसराई. निमित्ते बदलतात, गोळी तीच राहते. आयुध निर्माणीच्या वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे एकत्र नांदत असल्याने येथे सणांचा तोटा नाही, आणि म्हणून या मागणीलाही खंड नाही.

ही गोळी म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. वेष्टनावर ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच विक्री करावी’ अशी सूचना छापलेली असते. ती सूचना आपण सर्वांनी वाचली आहे. ती कशासाठी आहे, याचा विचार मात्र क्वचितच केला आहे. पाळीच्या दिवसांत पूजाअर्चा करावी की करू नये, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. तो ज्या त्या घरचा आणि त्या त्या स्त्रीचा प्रश्न आहे. गोळी घेण्याचा निर्णय तिचा असला, तरी ती गोळी पोटात गेल्यावर काय होते हे तिला सांगण्याचे काम आपले आहे. त्यासाठी आधी ते आपणांस ठाऊक असले पाहिजे.

एक अनुभव, आमच्याच चुकीचा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदात एक गृहिणी डाव्या पोटरीच्या दुखण्यासाठी आमच्या चिकित्सालयात आली. वय पस्तिशीच्या पुढचे, शरीर किंचित स्थूल. दोनच दिवसांपूर्वी देवदर्शनाहून बसने परतलेली. प्रवास, जागरण, अनियमित आहार असे सर्व हेतू जुळत होते. आम्ही मलप्रवृत्ती विचारली, निद्रा विचारली, जिव्हा पाहिली, नाडी पाहिली, वातप्रकोप ठरविला, योगराज गुग्गुळ दिला आणि पोटरीस महानारायण तेलाचा अभ्यंग व शेक करण्यास सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. दोन्ही पोटऱ्या मोजपट्टीने मोजल्या तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने अधिक भरली. तिला तातडीने नागपूरला पाठविले. डॉप्लर तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. वेळेवर उपचार मिळाल्याने ती बरी झाली, हे तिचे दैव आणि आमचेही. कारण गुठळी असलेल्या पोटरीवर मर्दन करणे म्हणजे ती सुटून फुप्फुसात जाण्याला निमंत्रण देणे होय. नागपूरच्या तरुण डॉक्टरांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला होता, "कोणती हार्मोनची गोळी घेता काय?" महालक्ष्म्या आणि लागूनच यात्रा, म्हणून तिने सोळा दिवस रोज तीन गोळ्या घेतल्या होत्या. आम्ही तिला वीस प्रश्न विचारले. हा एक विचारला नाही. निदानपंचकात हेतूला अग्रस्थान आहे, हे विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या आमच्या हातून हेतूच निसटला. तेव्हापासून या गोळीचा अभ्यास करणे आम्ही आमचे प्रायश्चित्त मानले.

नैसर्गिक संप्रेरक तोंडाने का चालत नाही?

स्त्रीच्या बीजकोशात निर्माण होणारे इस्ट्राडायॉल व प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके तोंडावाटे दिली असता फारशी कामी येत नाहीत. आतड्यातून शोषले गेलेले द्रव्य प्रथम यकृतात जाते आणि मगच सर्व शरीरात पसरते. आतड्याची भित्ती आणि यकृत या दोन ठिकाणी असलेली विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, त्याचे इतक्या वेगाने विघटन करतात की रक्तात अल्पांशच पोहोचतो. आधुनिक औषधशास्त्रात या पहिल्याच फेरीला मोठे महत्त्व आहे. चरकसंहितेच्या ग्रहणी चिकित्साध्यायात अग्नीचे जे विवेचन आले आहे, त्यावर पोसलेल्या वाचकास ही कल्पना परकी वाटणार नाही. भक्षिलेले द्रव्य जसेच्या तसे धातूंपर्यंत जात नाही, वाटेत त्याचा पाक होतो, हे सूत्र आपण मानतोच. दोन्ही शास्त्रांच्या संकल्पना एकमेकींवर तंतोतंत बसवू नयेत. परंतु विचाराची दिशा एकच आहे.

या अडचणीवर रसायनशास्त्रज्ञांनी तोडगा काढला. १९३८ साली बर्लिन येथील शेरिंग कंपनीत इनहोफेन व होलवेग यांनी इस्ट्राडायॉलच्या सतराव्या कार्बनवर ‘इथिनिल’ हा लहानसा गट जोडला आणि इथिनिल इस्ट्राडायॉल सिद्ध केले. तो गट जणू कुलपासारखा बसतो आणि यकृतातील विकरांना आपले काम सहज करू देत नाही. १९५१ साली मेक्सिको सिटी येथे सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी, जॉर्ज रोझेनक्रान्झ व लुईस मिरामोंटेस यांनी हीच युक्ती वापरून नॉरएथिस्टेरॉन तयार केले. त्यासाठी लागणारा मूळ पदार्थ मेक्सिकोतील रानकंदांमधील डायोसजेनिनपासून मिळत असे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कंदातून संप्रेरक मिळाले, म्हणून आपला वाराहीकंद अथवा शतावरी खाल्ल्याने शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होते, असे काही जाहिराती सुचवितात. ते खरे नाही. डायोसजेनिनचे संप्रेरकात रूपांतर प्रयोगशाळेतील रासायनिक प्रक्रियांनी होते. तसे करणारे विकर मानवी देहात नाही. शतावरीचे गुण तिच्या ठिकाणी आहेत. त्यांना हा उसना आधार देण्याची गरज नाही.

गोळी पोटात गेल्यावर

नॉरएथिस्टेरॉनची गोळी घेतल्यापासून साधारण एक ते दोन तासांत तिची रक्तातील पातळी कमाल होते. पहिल्या फेरीतील घट वजा जाता सरासरी ६४ टक्के अंश रक्ताभिसरणात येतो. रक्तात त्याचा मोठा भाग प्रथिनांना, प्रामुख्याने अल्ब्युमिनला व लैंगिक संप्रेरके वाहणाऱ्या प्रथिनाला, चिकटून राहतो. मुक्त असलेला अल्पांशच कार्य करतो. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण आठ तास लागतात, परंतु हा काळ व्यक्तीगणिक पाच ते चौदा तास असा बदलतो. दिवसातून तीन वेळा गोळी देण्याचे कारण यातच आहे. एखादी मात्रा चुकल्यास मध्येच रक्तस्राव का होतो, हेही यावरून उमगते.

पुढे यकृतात त्याच्या रेणूत हायड्रोजन मिळविला जातो, मग त्यास सल्फेट अथवा ग्लुकुरोनिक आम्लाची जोड दिली जाते, आणि पाण्यात विरघळणारी ही रूपे मूत्र व पुरीष या दोन मार्गांनी बाहेर पडतात. इथवर सर्व सरळ आहे.

परंतु या प्रवासात एक फाटा फुटतो आणि तोच या लेखाचा गाभा आहे. नॉरएथिस्टेरॉनचा एक अत्यल्प अंश, शेकडा एकाहूनही कमी, देहातच इथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये रूपांतरित होतो. म्हणजे दिले प्रोजेस्टोजेन आणि त्यातून निघाले तीव्र कृत्रिम इस्ट्रोजेन. एक टक्क्याहून कमी म्हणजे नगण्य, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण हिशेब करून पाहावा. दिवसाच्या तीन गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम, अर्थात १५,००० मायक्रोग्रॅम. शासनाच्या ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीत इथिनिल इस्ट्राडायॉल असते अवघे ३० मायक्रोग्रॅम. पंधरा हजारांचा पाचशेवा भाग तीस! जे द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये काम करते, त्याच्या बाबतीत ‘अल्पांश’ हा शब्द फसवा ठरतो. नॉरएथिस्टेरॉन ॲसिटेट घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात इथिनिल इस्ट्राडायॉल मोजून हे रूपांतर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने स्पष्ट दाखविले. नॉरएथिस्टेरॉनची दररोज १० ते २० मिलिग्रॅम मात्रा ही २० ते ३० मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीच्या तोडीची समजावी, असे आज तज्ज्ञ मार्गदर्शनात सांगितले जाते.

याचा अर्थ सरळ आहे. "ही तर नुसती प्रोजेस्टेरॉनची गोळी, हिच्याने गुठळी होत नाही," हे जे वाक्य आपल्या कानी पडते, ते या मात्रेस लागू नाही. ज्या स्त्रीला संयुक्त गर्भनिरोधक गोळी देऊ नये, तिला पाळी लांबविण्यासाठी ही गोळीही विचार केल्यावाचून देऊ नये. मात्र दररोज ०.३५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन असलेल्या केवळ-प्रोजेस्टोजेन गर्भनिरोधक गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या मात्रेत हे रूपांतर क्षुल्लक असते. दोष द्रव्याइतकाच मात्रेचा असतो, हे आयुर्वेदीयांस नव्याने सांगायला नको.

यकृतावर इस्ट्रोजेनची छाया

इथिनिल इस्ट्राडायॉलचे विघटन मुख्यतः ‘सायटोक्रोम पी-४५०’ या विकरकुळातील ‘३-ए-४’ नामक विकराकडून आणि सल्फेट व ग्लुकुरोनिक आम्लाच्या जोडणीने होते. मात्र इथिनिल गटाच्या कुलपामुळे ते सावकाश होते. म्हणून हे द्रव्य यकृतात रेंगाळते आणि रेंगाळताना यकृताला निरनिराळी प्रथिने अधिक बनविण्यास भाग पाडते. त्यांत रक्त गोठविणारे घटक आहेत. रक्तदाब वाढविणाऱ्या साखळीतील अँजिओटेन्सिनोजेन आहे. याउलट गोठण्याला आवर घालणारे ‘प्रोटीन एस’ कमी होते. तराजू गोठण्याकडे झुकतो.

हा झुकाव किती, हेही प्रमाणात पाहिले पाहिजे. नाहक भीती पसरविणे हेही अज्ञानच. युरोपीय औषध नियामक संस्थेच्या मांडणीनुसार गोळी न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल वा नॉरएथिस्टेरॉनयुक्त संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ही संख्या ५ ते ७ असते. गरोदरपणात व बाळंतपणानंतर धोका यापेक्षा अधिक असतो. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील नोंदींच्या अभ्यासात पाळीच्या तक्रारींसाठी, म्हणजे मोठ्या मात्रेत, प्रोजेस्टोजेन घेणाऱ्यांत हा धोका सुमारे पाच पट आढळला. त्यातील रुग्णसंख्या लहान होती, म्हणून आकडा दगडावरची रेघ मानू नये. दिशा मात्र ध्यानी घ्यावी. निरोगी तरुण स्त्रीला दहा दिवसांच्या गोळ्यांनी गुठळी होण्याचा संभव अल्पच आहे. परंतु वय, स्थौल्य, पूर्वी झालेली गुठळी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि तासन्तास न हलता बसणे ही कारणे एकत्र आली की धोके एकमेकांत मिसळून वाढतात. यात्रेसाठी गोळी घेणारी स्त्री नेमकी अठरा-वीस तास बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बसते. गोळी आणि प्रवास, दोन्ही एकाच कारणासाठी आणि एकाच वेळी. आमच्या रुग्णेचे तेच झाले.

यकृताची गती बदलणारी औषधे

याच विकरांची गती बाहेरून वाढविता वा मंदावता येते. गती वाढली तर संप्रेरक लवकर नाहीसे होते आणि गोळी निष्फळ ठरते. मंदावली तर ते साठून राहते.

गती वाढविणाऱ्यांत अग्रणी आहे रिफाम्पिसिन. क्षयरोगाच्या उपचारातील हे मुख्य औषध आपल्या जिल्ह्यातही नित्य वापरात आहे. रिफाम्पिसिन चालू असता इथिनिल इस्ट्राडायॉल व नॉरएथिस्टेरॉन या दोहोंची पातळी लक्षणीय घटते. क्षयाचा उपचार घेणारी स्त्री ‘माला-एन’वर विसंबली तर गर्भधारणा होऊ शकते. हा परिणाम औषध थांबविल्यावरही चार आठवडे टिकतो असे धरावे. अशा स्त्रीस तांबी अथवा तीन महिन्यांचे ‘अंतरा’ इंजेक्शन हे पर्याय सुचवावेत. त्यांच्या कार्यावर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. अपस्मारासाठी दिली जाणारी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन हीदेखील याच वर्गातील. ही औषधे घेणाऱ्या स्त्रीने संभोगोत्तर तातडीची गोळी मागितली, तर १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते. तिला त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. सामान्य प्रतिजैविकांनी, म्हणजे ॲमॉक्सिसिलिनसारख्या औषधांनी, गोळी निष्फळ होते हा समज मात्र आता मागे पडला आहे.

आता आपल्या स्वतःच्या औषधपेटीकडे वळू. ‘वनौषधी निरुपद्रवी’ हे वाक्य आपण रुग्णांस सांगतो. स्वतःस सांगू नये.

गुग्गुळ : बीजकोशातील ग्रंथींसाठी कांचनार गुग्गुळ हे आपले हुकमी औषध. अशाच रुग्णेस स्त्रीरोगतज्ज्ञांकडून संयुक्त संप्रेरक गोळी चालू असते, आणि दोघांस एकमेकांचा पत्ता नसतो. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरॉन हे ‘३-ए-४’ची निर्मिती वाढविणाऱ्या ग्राहीला उत्तेजित करते, असे २००४ साली प्रयोगशाळेत दिसून आले. त्यापूर्वीच, १९९४ साली, मुंबईतील औषधशास्त्रज्ञांनी निरोगी व्यक्तींना गुग्गुलिपिड दिले असता प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांची रक्तातील पातळी घटते असे दाखवून दिले. हा पुरावा दुसऱ्या औषधांचा आहे; तो संप्रेरकांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु गर्भधारणा टाळण्यासाठी गोळी घेणाऱ्या स्त्रीस गुग्गुळकल्प देताना तिला जोडीने निरोध वापरण्याचा सल्ला देण्याइतपत तो पुरेसा आहे.

पिंपळी व मिरी : यांतील पिपेरिन उलट दिशेने काम करते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल व सहकाऱ्यांनी त्रिकटूच्या औषधवर्धक गुणाचा अभ्यास करून १९८१ साली तो प्रसिद्ध केला. पुढे प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन व फेनिटॉइन यांची पातळी पिपेरिनने वाढते, असे मनुष्यांतही दिसले. स्वयंपाकातील मिरीची चिंता नको; दीर्घकाळ चालणाऱ्या वर्धमान पिप्पलीसारख्या प्रयोगात मात्र रुग्णा अन्य कोणते औषध घेते, हे आधी पाहावे.

यष्टिमधु : यातील ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल वृक्कातील कॉर्टिसॉलचे विघटन रोखते; परिणामी शरीरात क्षार व जल साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. इस्ट्रोजेनही रक्तदाब वाढवू शकते. म्हणून दोन्ही चालू असणाऱ्या स्त्रीचा रक्तदाब दर भेटीस मोजावा.

शोधनकर्म : हा मुद्दा पूर्णतः आपला आहे, कारण तो दुसरे कोणी सांगणार नाही. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत वांती झाल्यास, अथवा चोवीस तासांहून अधिक काळ तीव्र अतिसार झाल्यास, ती मात्रा चुकली असे मानण्याचा दंडक आहे. वमन व विरेचन ही कर्मे आपण स्वतः घडवून आणतो. गर्भनिरोधक गोळी चालू असलेल्या स्त्रीस शोधन देताना त्या दिवसांची मात्रा शोषली गेली नाही असे समजून पुढील सात दिवस अन्य साधन वापरण्यास सांगावे. पंचकर्मपूर्व नोंदपत्रकात या प्रश्नासाठी एक ओळ असावी, अशी आमची सूचना आहे.

आपल्या जिल्ह्याचा विशेष : सिकलसेल

पुण्या-मुंबईचे पुस्तकी मार्गदर्शन भंडाऱ्यास जसेच्या तसे पुरत नाही, याचे कारण सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून विदर्भाचे नाव या व्याधीशी जोडलेले आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय अभियानाचा आरंभ झाला आणि तपासणीला वेग आला. या व्याधीत विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. त्यावर इस्ट्रोजेनची भर पडणे इष्ट नव्हे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ च्या गर्भनिरोधनविषयक निकषांत सिकलसेलग्रस्त स्त्रियांसाठी इस्ट्रोजेनयुक्त संयुक्त साधने ‘वापरू नयेत’ या वर्गात टाकली आहेत. मोठ्या मात्रेतील नॉरएथिस्टेरॉनपासून तेच इस्ट्रोजेन देहात तयार होते, हे वर पाहिलेच. तेव्हा गोळी मागणाऱ्या स्त्रीला "सिकलसेलची तपासणी झाली आहे काय? कार्ड आहे काय?" हे विचारणे आपल्या भागात अत्यावश्यक ठरते. केवळ वाहक असणे आणि प्रत्यक्ष व्याधी असणे यांत भेद आहे; वाहक स्त्रीस घाबरवू नये, व्याधिग्रस्त स्त्रीस तज्ज्ञांकडे पाठवावे.

दुकानात व चिकित्सालयात विचारावयाचे सहा प्रश्न

औषधविक्रेत्यांनी चिठ्ठी पाहावी, हा कायदा आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पुढील प्रश्न विचारावेत, हा धर्म आहे. गर्दीच्या दिवसांतही यास दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

१. गर्भ राहिल्याची शक्यता आहे काय? शंका असल्यास आधी मूत्रतपासणी.

२. स्वतःस वा आई-बहिणीस पायात, फुप्फुसात अथवा मेंदूत गुठळी झाली आहे काय? सिकलसेल आहे काय?

३. बाळंतपण वा शस्त्रक्रिया होऊन किती दिवस झाले? अंगावर दूध पाजता काय?

४. उच्च रक्तदाब, कावीळ वा यकृतविकार, स्तनाची गाठ, डोळ्यांपुढे झळाळी येऊन होणारी अर्धशिशी, धूम्रपान यांपैकी काही आहे काय?

५. क्षयरोगाची, फिटची किंवा इतर कोणती गोळी चालू आहे काय? काढे, गुग्गुळकल्प, आसवे चालू आहेत काय?

६. किती दिवस लांबवायची आहे, आणि या दिवसांत लांबचा प्रवास आहे काय?

उत्तरे निर्धोक असतील तर अपेक्षित पाळीच्या तीन दिवस आधी आरंभ, दररोज तीन गोळ्या, आणि दहा ते चौदा दिवसांपलीकडे नाही, ही मर्यादा सांगावी. थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. न आल्यास तपासणी करावी. या गोळ्यांनी गर्भनिरोधन होते असे समजू नये, हेही बजावावे, कारण अनेक दांपत्यांचा तोच समज असतो. प्रवासात दर दोन तासांनी उठून चालणे, पोटऱ्या हलविणे आणि पाणी पिणे सांगावे. गुठळीचा धोका असलेल्या स्त्रीसाठी इथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये रूपांतरित न होणारे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हा पर्याय तज्ज्ञ सुचवू शकतात. तो निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

आणि एक गोष्ट प्रत्येक स्त्रीस तोंडी सांगावी. एकाच पायास सूज, पोटरीत वेदना, अकस्मात धाप, छातीत कळ, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टिदोष यांपैकी काही झाले तर गोळी तत्काळ बंद करून रुग्णालय गाठावे. वैद्यांनी आपल्यापुरता नियम करावा : एका पोटरीची सूज दिसली की तेलाची बाटली बाजूला ठेवावी आणि मोजपट्टी हाती घ्यावी.

शास्त्राच्या नावाने

काही वैद्यमित्र या गोळीस सरसकट ‘वेगधारण’ म्हणून निषिद्ध ठरवितात. येथे शास्त्राशीच प्रामाणिक राहावे. चरकाने सांगितलेल्या तेरा अधारणीय वेगांत आर्तवाचा समावेश नाही. अपानाच्या अनुलोम गतीचा विचार करून आपण सावधगिरी सुचवू शकतो. परंतु जे ग्रंथात नाही ते ग्रंथाच्या नावावर सांगू नये. स्त्रीला धमकावून परत पाठविले, तर ती दुसऱ्या दुकानातून तीच गोळी घेईल आणि या वेळी तिला कोणीच प्रश्न विचारणार नाही. आपल्याजवळ ती विश्वासाने येते, हीच आपली जमेची बाजू आहे. तिच्या घरची माणसे आपण ओळखतो, तिच्या सासूच्या गुडघ्यावर आपणच उपचार केलेले असतात. ही ओळख मोठ्या शहरातील कोणत्याही तज्ज्ञाजवळ नाही.

आमची ती रुग्णा आजही येते. दर भाद्रपदाच्या आधी ती शेजारणींना घेऊन येते आणि आम्ही काही म्हणण्यापूर्वीच त्यांना सांगते, "आधी वैद्यबुवांच्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग गोळीचं बोला." तिने आम्हांस क्षमा केली आहे. आपल्यापैकी कोणावर अशी क्षमा मागण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. हे सहा प्रश्न आगामी महालक्ष्म्यांपूर्वी प्रत्येक सभासदाने कागदावर लिहून आपल्या मेजावर आणि औषधविक्रेत्यांनी आपल्या फळीवर लावावेत, ही नम्र विनंती.